वंशावळ आणि तंट्याचे कागद



वंशावळ हा शब्द एके काळी सोयरीक जुळविताना, श्राद्धाच्या दिवशी आणि वतनाच्या दाव्यात, एवढ्या तीनच प्रसंगी तोंडी यावयाचा. गेल्या काही वर्षांत आपल्या मराठवाड्यात तो घरोघर झाला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, जुन्या दफ्तरांतील कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले, आणि ज्यांनी आजोबांच्या वडिलांचे नाव जन्मात विचारले नव्हते अशी मंडळी जुने कागद धुंडाळू लागली. त्या मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यास आम्ही येथे उभे राहिलेलो नाही. परंतु त्या निमित्ताने पुष्कळांस एक गोष्ट प्रथमच कळली. ती ही की, आपणांस खापरपणज्याचे नाव ठाऊक नसते. ठाऊक असले तर ते कागदावर दाखविता येत नाही. आणि कागद सापडला तरी तो वाचता येत नाही, कारण तो मोडीत तरी असतो किंवा उर्दूत तरी.

आजचा आमचा विषय हा की, घराण्याची खरी वंशावळ शोधावयाची कोठे? आमचे उत्तर काही श्रोत्यांस रुचणार नाही. ती स्तुतीच्या कागदांत नसते, तंट्याच्या कागदांत असते. ज्या घरात भावाभावांत कधी भांडण झाले नाही, त्या घराचा इतिहास लिहिणे फार कठीण. सुदैवाने अशी घरे आपल्याकडे थोडी आहेत.

स्तुतीची वंशावळ कशी असते, याचा मासला पाहण्यास दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर नगर. पुढे उत्तर कोकणात आणि कोल्हापूरकडे राज्य केलेले शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि आपला मूळपुरुष म्हणून जीमूतवाहन विद्याधराचे नाव देत. जीमूतवाहन म्हणजे सापाचा जीव वाचविण्यासाठी गरुडापुढे स्वतःचा देह ठेवणारा. यात तगराचा उल्लेख इतिहासकारांच्या उपयोगी पडतो. विद्याधर मात्र उपयोगी पडत नाही. ताम्रपट लिहिणाऱ्याला कोणी उलट विचारणारा नव्हता, म्हणून तो विद्याधरापर्यंत जाऊन पोचला. तंजावरास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. एवढा लांब मराठी शिलालेख विरळा. पण त्या दगडामागे काय होते ते पाहा. तुळजाजीराजांनी १७८७ साली सरफोजीस दत्तक घेतले. राजे वारले, आणि दत्तविधान अशास्त्र आहे असे पंडितांचे मत मिळवून अमरसिंगास गादीवर बसविण्यात आले. काही वर्षांनी दुसऱ्या पंडितांनी तेच दत्तविधान सशास्त्र ठरविले, आणि १७९८ साली सरफोजी राजे झाले. शास्त्र तेच, मुलगा तोच. मधल्या काळात कंपनी सरकारचे मन बदलले होते. असा ज्याचा वारसा वादात सापडला होता, त्याने वंशचरित्र दगडात कोरवावे यात नवल कसले?

आता जरा सातासमुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या त्या काळी तेथे गेलेल्या घराण्यांचा शोध घेणे हे आज तेथे मोठे शास्त्र होऊन बसले आहे, आणि त्याचा पाया दोन गोष्टींवर आहे: मृत्युपत्रे आणि कोर्टाची दफ्तरे. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्याचे आहे. ते आम्ही थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात आमचे सारे म्हणणे आलेले आहे.

वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना, १७९२ च्या सुमारास, इंग्लंडातील सर आयझॅक हर्ड नावाच्या राजभाटाने त्याची वंशावळ तयार केली. राजभाट हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजला आहे. बड्या घराण्यांची कुळे आणि चिन्हे राखणे हा तेथे सरकारी हुद्दाच असतो. वॉशिंग्टनने त्यास कळविले की, या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही. हर्डला एवढे ठाऊक होते की, व्हर्जिनियात प्रथम गेलेल्या भावांची नावे जॉन आणि लॉरेन्स अशी होती. नॉर्दम्पटनशायरमधील सल्ग्रेव्हच्या वॉशिंग्टन घराण्यात त्याच काळाचे जॉन आणि लॉरेन्स हे भाऊ त्यास आढळले. दोहोंचा सांधा त्याने जोडला. जोड इतकी नीट बसली की, सत्तरएक वर्षे ती कोणी हलविली नाही.

१८६६ साली जोसेफ चेस्टर नावाच्या संशोधकाने ती हलविली. सल्ग्रेव्हचा जॉन हा पुढे ‘सर’ झाला आणि इंग्लंडातच राहिला, व लॉरेन्स हा पर्ली गावचा पाद्री झाला, असे त्याने दाखवून दिले. म्हणजे यांपैकी कोणीही व्हर्जिनियास गेला नव्हता. नाव जुळले, काळ जुळला, पण माणसे निराळी! खरी माणसे कोठली, हे मात्र चेस्टरला सिद्ध करता आले नाही. ते काम हेन्री वॉटर्स या अमेरिकनाने केले. त्याने लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये बसून जुनी मृत्युपत्रे एकामागून एक वाचून काढली, केवळ वॉशिंग्टनांची नव्हे, तर कोणाचीही. त्यांत ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंग नावाच्या एका इसमाचे १६५० च्या सुमाराचे मृत्युपत्र त्याच्या हाती लागले. या नोलिंगचे वॉशिंग्टनांशी रक्ताचे नाते नव्हते. पण पाद्री लॉरेन्सची बायको अँफिलिस ही त्याची सावत्र मुलगी, आणि तिच्या लॉरेन्स, जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गरेट आणि मार्था या सहाही लेकरांस त्याने काही ना काही ठेवून त्यांची नावे लिहिली होती. तिकडे व्हर्जिनियात मेलेल्या जॉन वॉशिंग्टनच्या १६७५ च्या मृत्युपत्रात बहीण मार्था हिचा उल्लेख होता, आणि तिला इकडे आणण्याच्या भाड्याचाही. अँफिलिसच्या मृत्यूनंतर तिच्या चीजवस्तूची व्यवस्था पाहण्याचा अधिकार १६५६ च्या प्रारंभी जॉन वॉशिंग्टनला दिल्याची कोर्टाची नोंद निघाली. १८८९ साली वॉटर्सने हे सारे प्रसिद्ध केले. हर्डने ज्या लॉरेन्सला जॉनचा भाऊ समजून बोटीत चढविले होते, तो पाद्री लॉरेन्स जॉनचा बाप निघाला.

यात मुख्य दुवा जुळविला तो कोणी? राजभाटाने नव्हे. बायकोकडच्या एका सावत्र नात्याच्या म्हाताऱ्याने, आणि एका बहिणीच्या प्रवासभाड्याने. घराण्याचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने जे कागद कधी उलगडलेच नसते, त्यांत घराणे सापडले.

आपल्याकडे मृत्युपत्रे एवढ्या जुन्या काळची मिळत नाहीत, याचे कारण सरळ आहे. आपल्या धर्मशास्त्रात मृत्युपत्राची चाल नव्हती. बापाची मिळकत मुलांची, मुलगा नसेल तर दत्तक घ्यावा. मरणाऱ्याने आपल्या मर्जीप्रमाणे वाटून जावे ही कल्पनाच शास्त्रकारांस मान्य नव्हती. मुसलमानांत वसियत होती, पण तीही साधारणतः मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शापुरती. हिंदूंच्या मृत्युपत्रांना इंग्रजी कोर्टांनी हळूहळू मान्यता दिली आणि १८७० साली त्यासाठी कायदा झाला. मग त्यापूर्वीचे आपण काय पाहावयाचे? वाटणीपत्र पाहावयाचे, दत्तकपत्र पाहावयाचे, दानपत्र पाहावयाचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे महजर आणि निवाडपत्र पाहावयाचे.

महजराची रीत ऐकण्यासारखी आहे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांचा वाद उभा राहिला की, दोघांनी मिळून आधी थळ ठरवावयाचे. थळ म्हणजे ज्या ठिकाणचे लोक कोणाच्या बाजूचे नाहीत असे गाव. तेथील गोत सांगेल ते मान्य, असा दोघांनी राजीनामा लिहून द्यावयाचा. राजीनामा म्हणजे तेव्हा नोकरी सोडणे नव्हे, राजी असल्याचा कागद. जामीन द्यावयाचे. मग प्रत्येकाने आपली तकरीर, म्हणजे हकीकत, लिहून द्यावयाची, आणि ती मूळपुरुषापासून सुरू व्हावयाची. कोणी गाव वसविले, त्यास लेक किती, थोरला कोण, धाकटा कोण, कोण दुष्काळात परागंदा झाला, कोण लढाईत पडला, कोणाच्या बायकोने तान्हे मूल घेऊन माहेर गाठले. जेधे घराण्याचा करीना प्रसिद्ध आहे. तशा लहानमोठ्या हकीकती शेकडो घराण्यांच्या आहेत. नंतर साक्षी व्हावयाच्या. शेजारगावचे पाटील, गावचे बलुतेदार, आणि शिवेचा प्रश्न असला की महार. शिवेच्या बाबतीत त्याच्या साक्षीस फार वजन असे. ज्यांस अक्षर येत नसे ते आपापल्या धंद्याचे चिन्ह काढीत: कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी, न्हाव्याचा आरसा. कशानेही उलगडा न झाला तर दिव्य. कढत तेलातून धातूचा तुकडा काढावयाचा, हात पिशवीत घालून मोहोर करावयाची, आणि ठरल्या दिवशी गोतासमक्ष पिशवी सोडून हात पाहावयाचा. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यास येजितखत लिहून द्यावयाचे की, आम्ही खोटे झालो, पुन्हा कथळा करणार नाही. मग त्याच्या नातवाने पुन्हा कथळा करावयाचाच.

हे कागद आज आपल्या हाती आहेत याचे श्रेय विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांस प्रथम दिले पाहिजे. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांनी एकामागून एक खंड छापले, गावोगाव पायी हिंडून रुमाल सोडविले, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी अशा महजर-निवाड्यांवरून मराठ्यांच्या न्यायपद्धतीचा ग्रंथ १९५३ साली इंग्रजीत सिद्ध केला. ज्यांस या वाटेने जावयाचे आहे त्यांनी तो पाहावाच.

पण येथे एक शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. भांडणाऱ्याचे तोंड खरे बोलते असे कोणी सांगितले? दाव्यात तर माणूस सर्वांत जास्त खोटे बोलतो. अगदी बरोबर. म्हणूनच त्याची हकीकत जशीच्या तशी वहीत उतरून घ्यावयाची नसते. वादी म्हणतो आमचा मूळपुरुष थोरला, प्रतिवादी म्हणतो आमचा. थोरला कोण, हे दोघांपैकी कोणावरही विश्वासून लिहू नये. पण ते दोघे भाऊ होते, त्यांच्या बापाचे नाव अमुक, हे जर दोघांनीही म्हटले असेल तर ते बहुधा खरे, कारण ते नाकारण्याची दोघांनाही संधी होती आणि निदान एकाचा तरी त्यात फायदा होता. त्याहून मोलाचे म्हणजे साक्षीदार जाता जाता बोलून जातो ते. पाणी कोणाच्या मोटेचे हे सांगताना एखादा म्हातारा म्हणतो, ‘त्या साली यांची चुलती विहिरीत पडली होती.’ चुलतीशी वादाचा काही संबंध नाही. म्हणून ती खरी. स्तुतीच्या वंशावळीत ही चुलती आपणांस शंभर वर्षे शोधूनही मिळाली नसती.

दुसरे, एक निवाडा मिळाला म्हणून थांबू नये. घराच्या रुमालात सापडतो तो बहुधा त्या घराच्या बाजूचाच निवाडा असतो, कारण विरुद्ध गेलेला कागद कोण जपून ठेवणार? त्याची प्रत भाऊबंदांच्या वाड्यात असते. आणि भाऊबंदांच्या वाड्यात तर आपले जाणे-येणे नसते!

याचे अलीकडच्या काळातील उदाहरण ताईमहाराज प्रकरणाचे. लोकमान्यांच्या चरित्रात ते सर्वांनी वाचले असेल, पण वंशावळीच्या दृष्टीने ते कोणी पाहात नाही. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले, आणि टिळक, खापर्डे वगैरे मंडळींस विश्वस्त नेमले. बाबामहाराजांची पत्नी ताईमहाराज तेव्हा गरोदर होती. मुलगा न झाला किंवा होऊन न जगला तर विश्वस्तांच्या संमतीने तिने दत्तक घ्यावा, असे मृत्युपत्रात होते. मुलगा झाला, पण तो दोन महिनेही जगला नाही. दत्तक शोधावयाची वेळ आली तेव्हा मंडळी कोठे गेली? औरंगाबादेस. कारण या घराण्याची एक शाखा निजामाच्या मुलखात निधोन्यास नांदत होती. पुण्याच्या वाड्यात ज्यांची आठवणही क्वचित निघत असेल असे ते भाऊबंद, एका मृत्युपत्राच्या कलमामुळे एकदम वंशवृक्षाच्या मध्यभागी आले. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस त्या शाखेतील जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. ऑगस्टमध्ये ताईमहाराजांनी कोल्हापूरकडच्या बाळामहाराजांस दत्तक घेतले. झाले! एका बापाचे दोन लेक, आणि एका घराचे दोन वंशवृक्ष.

पुढील चौदा वर्षांचा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरला: औरंगाबादेत त्या दिवशी दत्तविधान खरोखर झाले की नाही? टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, आणि १९०४ साली हायकोर्टाने ती रद्द केली. दिवाणी दाव्यात १९०६ साली पुण्याच्या कोर्टाने म्हटले, दत्तविधान झाले. १९१० साली मुंबई हायकोर्टाने म्हटले, झाले नाही. टिळक तेव्हा मंडालेस होते. मार्च १९१५ मध्ये विलायतेस प्रिव्ही कौन्सिलने म्हटले, झाले; आणि इतक्या साक्षीदारांस खोटे ठरवावयाचे तर ते त्यांच्या उलटतपासात त्यांना विचारावयास हवे होते, असेही हायकोर्टास सुनावले. आता कल्पना करा, दोनशे वर्षांनी एखाद्या संशोधकाच्या हाती फक्त १९१० चा निकाल लागला. तो मोठ्या विश्वासाने जगन्नाथमहाराजांचे नाव वंशवृक्षातून काढून टाकील. कागद अस्सल, कोर्ट मोठे, शिक्का खरा. आणि वंशावळ चुकलेली. ज्या जुन्या वतनांचा वाद आदिलशाहीत एकदा, शिवशाहीत एकदा, मोगलाईत एकदा आणि पेशवाईत दोनदा झाला, त्यांच्या निवाड्यांपैकी एकच हाती आला तर काय होत असेल, ते यावरून ताडावे.

आता आपल्या भागाकडे वळू. येथे अडचण निराळी आहे. पलीकडे सोलापूर-बार्शीकडे इंग्रजी अंमल होता. तेथे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने घरोघरच्या सनदा आणि वंशावळी मागविल्या, लोकांनी शिव्याशाप देत त्या दाखल केल्या, आणि त्या शिव्याशापांची फळे आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात आपणांस चाखावयास मिळतात. आपला नळदुर्ग जिल्हा मात्र निजामाचा. मध्ये १८५३ ते १८६० एवढाच काळ तो इंग्रजांकडे होता. तेव्हा कर्नल मेडोज टेलरसाहेब येथे कारभारी होते आणि जमिनीची मोजणी त्यांनी हाती घेतली होती. नंतर पुन्हा निजामी. १८८४ च्या सुमारास तेथील सरकारी कामाची भाषा फारसी जाऊन उर्दू झाली. तेव्हा आपल्या पणज्यांच्या इनामाची चौकशी झाली ती उर्दूत. इनामदार मेला की विरासतीची मिसल चालावयाची. वारसांनी शजरा, म्हणजे वंशवृक्ष, दाखल करावयाचा. हरकतदारांनी हरकती घ्यावयाच्या. आणि चौकशीअखेर मुंतखब मिळावयाचा. घरात मुंतखब असेल तर त्याची नक्कल जपून ठेवाच, पण खरा मजकूर मिसलीत असतो, आणि मिसलीत हरकती असतात. १९५२ च्या अतियात कायद्याखालीही अशा चौकशा चालल्या. एका घराचे भाऊ सीनेच्या अलीकडे-पलीकडे राहात असले तर अर्धे कागद पुण्यास, अर्धे हैदराबादेस, आणि उरलेले माळवदाच्या खोलीत वाळवीस.

हे कागद वाचताना फसगती फार. उर्दूत ‘ळ’ नाही. तेव्हा बेंबळीची बेंबली होते, आणि माळ्याचा माली होतो. त्यातून लिहिणाऱ्याने घाईत नुक्ते सोडले, तर ब, प, त, न यांत भेदच राहात नाही. मग गावाचे नाव ओळखावयाचे ते आधीपासून ठाऊक असेल तरच. फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन येतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८, ज्या साली निजामी संपली. मोडी कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. तेथे ‘सबा’ म्हणजे सात आणि ‘तिसा’ म्हणजे नऊ यांत गल्लत झाली की, लेक बापाच्या आधी पाटीलकीवर बसतो. एका शिकाऊ मित्राने ‘मालोजी बिन तुकोजी’ याचा अर्थ ‘तुकोजीवाचून मालोजी’ असा लावला होता. बिन म्हणजे येथे मुलगा. वलद म्हणजेही तेच. बाईच्या नावापुढे ‘कोम’ आले की नंतर नवऱ्याचे नाव येते. ‘राधाबाई कोम बाबाजी’ ही बाबाजीची बायको, कोमटी नव्हे.

नातवास आजोबाचे नाव ठेवण्याच्या आपल्या रीतीने तर वंशावळीचे फार नुकसान केले आहे. तुकोजीचा मालोजी, मालोजीचा तुकोजी, तुकोजीचा पुन्हा मालोजी. सांगणारा दोन तुकोजींचा एक करतो आणि मधल्या मालोजीसकट साठ वर्षे गडप होतात. पडताळा सोपा आहे. पिढीस पंचवीस ते तीस वर्षे धरावीत. शिवराज्याभिषेक १६७४ चा. तेव्हापासून आजपर्यंत साडेतीनशे वर्षे, म्हणजे बारा ते चौदा पिढ्या झाल्या पाहिजेत. ‘आमचा पूर्वज महाराजांच्या फौजेत होता’ असे सांगणाऱ्याने मोजून सात नावे सांगितली, तर उरलेल्या पाच-सहा पिढ्या गेल्या कोठे, असे त्यास नम्रपणे विचारावे. अमेरिकेतही असेच भोवरे आहेत. तेथल्या जुन्या कागदांत ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बापलेक असतातच असे नाही, एका गावातले त्याच नावाचे दोन थोरले-धाकटे असतात. आणि ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई समजून चालावे, तर तो सावत्र मुलगा निघतो.

तेथे खोटेपणाचाही बाजार झाला. गुस्ताव्ह आंजू नावाच्या एका गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंत कुटुंबांस पैसे घेऊन वंशावळी करून दिल्या, आणि पुराव्यादाखल अस्तित्वात नसलेली मृत्युपत्रे व दफ्तरे त्यांत घातली. त्याच्या वंशावळी आजही लोक भक्तिभावाने उतरून घेतात. डोनाल्ड जेकोबस यासारख्या विद्वानाने सारे आयुष्य अशा थोतांडाचे तण उपटण्यात घालविले. आपल्याकडे आज वंशावळीस किंमत आली आहे, तेव्हा आपले आंजू निपजणार नाहीत असे समजू नये. मागेल ते नाव जुन्या कागदावर मागेल त्या अक्षरात काढून देणारा माणूस भेटला, तर त्यास चहा पाजून वाटेस लावावे. एक खोटी नोंद उघडकीस आली की, तिच्या शेजारच्या दहा खऱ्या नोंदी संशयात येतात, आणि त्या दहा घरांनी काही गुन्हा केलेला नसतो.

शोध घेणाऱ्याने आणखी एका गोष्टीस मनाची तयारी ठेवावी. तंट्याच्या कागदात पूर्वज जसे होते तसे भेटतात. दत्तक निघतो, जो दत्तक असल्याचे घरात कोणी बोललेले नसते. धाकट्या भावास बेवारस ठरविण्यासाठी थोरल्याने दिलेली जबानी निघते. दुसऱ्या जातीची बायको आणि तिची लेकरे निघतात, ज्यांना गावाबाहेर चार बिघे देऊन वंशावळीतून वगळलेले असते. एवढे निघाले की पुष्कळजण रुमाल पुन्हा बांधून ठेवतात. आमचे मत असे की, ज्याला हे सोसावयाचे नाही त्याने रुमाल सोडूच नये. पण एकदा सोडला की, मिळाले ते लिहावे. त्या चार बिघेवाल्यांचे वंशजही आज याच पंचक्रोशीत असतील, आणि आपला पणजा कोण हे जाणण्याचा त्यांचा हक्क आपल्याइतकाच आहे.

शेवटी बायकांविषयी. येथे भगिनीवर्ग मोठ्या संख्येने बसला आहे, आणि इतका वेळ आम्ही मालोजी-तुकोजी करीत आहो, हे त्यांच्या ध्यानात आलेच असेल. आपल्या घरातील वंशावळींत बाई नसते. ‘यास संतान नाही’ असे लिहिलेल्या माणसास चार मुली असतात. त्या कोठे सापडतात? बापाने लेकीस चोळीबांगडीसाठी जमिनीचा तुकडा दिला आणि पुढे पुतण्यांनी तो परत मागितला, की दाव्यात तिचे नाव येते. विधवेने दत्तक घेतला आणि दिराने हरकत घेतली, की ताईमहाराजांप्रमाणे तिचे नाव विलायतेपर्यंत जाते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या आईचे, बायकोचे नाव कधी कधी मिळते, तेवढाच एक बिनतंट्याचा आधार. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस वारस केले, आणि २००५ च्या दुरुस्तीने तिला वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने बसविले. तेव्हापासून बाप वारला की सातबाऱ्यावर मुलांबरोबर मुलींचीही नावे चढतात. आणि थोड्याच दिवसांत भाऊ बहिणीस घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातो. तेथे ती हक्कसोडपत्रावर सही करते, साडीचोळी घेते आणि सासरी परतते. सातबाऱ्यावरचे तिचे नाव कमी होते. परंतु हक्कसोडपत्र नोंदलेले असते. त्यात तिचे नाव, तिच्या बापाचे नाव, सासरचे गाव, वय आणि अंगठ्याचा ठसा असतो. आणखी शंभर वर्षांनी या गावातील एखाद्या घराचा कोणी शोध घेऊ लागला, तर त्या घरातील लेकी त्यास तेवढ्या एकाच कागदात भेटतील.